मालवाहू गाडीचे गंजापासून संरक्षण
बंपर व दाराखालील पट्टी ह्यांस घरच्या घरी जाड लेप देण्याची रीत

शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचविणे हे आता शेतीच्या कामाचेच एक अंग झाले आहे. जेथे पूर्वी बैलगाडी होती, तेथे आज ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा लहान मालवाहू गाडी, म्हणजे पिकअप, उभी असते. ही गाडी पुष्कळदा कर्ज काढून घेतलेली असते व तिचे हप्ते कित्येक वर्षे फेडावे लागतात. बैल थकला की तो चालीवरून कळतो. गाडीचा पत्रा आतून खाल्ला जात असता मात्र बाहेरचा रंग बराच काळ चकचकीत राहतो. मग एके दिवशी दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबताच आत जातो, आणि हप्ते फिटण्यापूर्वीच गाडीची किंमत उतरलेली असते.

हे नुकसान टाळण्यासाठी गाडीच्या खालच्या भागास जाड, खरखरीत व चिवट असा लेप देण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. बाजारात तो ‘बेडलायनर’ ह्या नावाने मिळतो. तो घरच्या घरी देता येतो व नीट दिल्यास अनेक वर्षे टिकतो. परंतु घाईने दिलेला लेप गंजास अडविण्याऐवजी त्यास झाकून ठेवतो, आणि झाकलेला गंज उघड्या गंजापेक्षा अधिक घातक असतो. म्हणून लेपाच्या डब्यास हात लावण्यापूर्वी पुढील माहिती शेतकरी बंधूंनी लक्षपूर्वक वाचावी.

हा लेप म्हणजे काय

अमेरिकेत पिकअप गाडीच्या हौद्यास ‘बेड’ म्हणतात. त्या हौद्याचा पत्रा दगड, लाकूड व अवजारे ह्यांनी खरवडला जाऊ नये म्हणून त्यावर देण्याचे जाड अस्तर ते ‘बेडलायनर’. हौद्यासाठी निघालेला हा लेप पुढे बंपरलाही दिला जाऊ लागला, आणि दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पत्र्याची पेटीसारखी पट्टी असते तिलाही. गॅरेजमध्ये ह्या पट्टीस कोणी ‘सिल’ म्हणतात, तर कोणी ‘रनिंग बोर्ड’. ह्या लेखात तिला दाराखालची पट्टी असेच म्हटले आहे.

लेपाचा मुख्य घटक बहुधा पॉलियुरेथेन हा असतो. हा पदार्थ १९३७ साली जर्मनीत ओटो बायर ह्या रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम तयार केला. तो रबराप्रमाणे थोडा लवतो, त्यामुळे खडी उडून लागली तरी साध्या रंगाप्रमाणे त्याचा टवका चटकन उडत नाही.

बाजारात ह्याचे दोन प्रकार घरी देण्याजोगे आहेत. पहिला एकाच डब्यातला. तो हवेतील बाष्प शोषून घट्ट होतो व त्यात बहुधा रबराचा बारीक चुरा मिसळलेला असतो. दुसरा दोन डब्यांतला. त्यात मूळ लेप व हार्डनर वेगवेगळे असतात व लेप देतेवेळी ते ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. तिसरा एक प्रकार आहे, त्यात तापविलेले दोन द्रव मोठ्या दाबाने यंत्रातून फवारतात व लेप काही सेकंदांतच घट्ट होतो. तो कारखान्यातच करून घ्यावा लागतो.

गाडीच्या पोटास जो डांबरी लेप देतात, तो ह्याहून निराळा होय. तो मऊ राहतो व डिझेल सांडल्यास विरघळतो. पोटाला तो ठीक आहे. जेथे पाय, दगड व काटेरी फांद्या घासतात त्या बंपरला व पट्टीला तो उपयोगी पडत नाही.

गंज कोठून धरतो

लोखंडास गंज धरण्यासाठी पाणी व हवा ही दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच स्थिती असते. त्यात क्षार मिसळले तर गंजास जणू खतपाणीच मिळते. कोकणात समुद्रावरील वाऱ्याबरोबर मीठ येते. इतरत्र खताच्या पोत्यांतून सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश व अमोनियम सल्फेट हेच काम करतात, कारण हे क्षार हवेतील ओल धरून पत्र्याला चिकटून राहतात. शेणखताची ओल व उसाचा आंबलेला रस ह्यांचाही परिणाम असाच होतो.

काळ्या जमिनीच्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही माती पाणी धरून ठेवते व चिकटते. चाकाने उडविलेला चिखल दाराखालच्या पट्टीच्या मागे व पोटाशी जाऊन बसतो. वरून पाऊस थांबून आठवडा झाला तरी तेथील माती ओलीच असते.

दाराखालची पट्टी ही आतून पोकळ असते. दाराच्या कडांतून व तळातून आत गेलेले पाणी निघून जावे म्हणून तिच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ही छिद्रे चिखलाने बुजली की पट्टी ही पाण्याची पन्हळ बनते व पत्रा आतून कुजू लागतो. म्हणून बाहेरून कितीही उत्तम लेप दिला तरी छिद्रे मोकळी नसतील तर पट्टी वाचणार नाही. आणि लेपानेच छिद्रे बुजविली, तर आपल्याच हाताने गाडीचे आयुष्य कमी केल्यासारखे होईल.

आधी परीक्षा, मग निर्णय

लेप एकदा घट्ट झाला की तो थिनरने निघत नाही. खरवडून व घासूनच काढावा लागतो. म्हणून निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. खाली पाहावयाचे असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत. नंतर पट्टीच्या तळाच्या कडेने स्क्रू ड्रायव्हरचे टोक दर चार बोटांवर दाबून पाहावे. त्यावरून पत्र्याची स्थिती तीन प्रकारची आढळेल.

१. टोक कोठेही आत जात नाही व रंग घट्ट आहे. अशा गाडीस लेप अवश्य द्यावा. लेपाचा खरा लाभ अशा निरोगी पत्र्यासच होतो.

२. रंगाखाली फोड आले आहेत, वरवरचा गंज आहे, पण पत्रा कणखर आहे. येथे गंज पूर्णपणे काढून मगच लेप द्यावा.

३. टोक आत जाते किंवा पापुद्रे सुटून पडतात. येथे लेप मुळीच देऊ नये. कुजलेला पत्रा कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडण्यास कारागिरास सांगावे. छिद्रावर लांबी भरून वर लेप देणे म्हणजे किडलेल्या खोडास शेण सारवण्यासारखे आहे.

चासीवर उभारलेल्या पिकअपमध्ये पट्टी कुजली तर केबिन खिळखिळी होते. ज्या मोटारींना वेगळी चासी नसते, त्यांत तर ही पट्टी सांगाड्याचाच भाग असते, व ती कुजल्यास अपघाताच्या वेळी बसणाऱ्यांचे संरक्षण कमी होते. अशी गाडी लेप देऊन झाकणे व तशीच दुसऱ्यास विकणे हे दोन्ही अयोग्य होय.

गाडी नवी असून कंपनीची हमी चालू असेल तर लेप दिल्याने हमीस बाध येतो काय, हे विक्रेत्यास आधी विचारून घ्यावे.

हंगाम व जागा

पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट हा घटक पाण्याशी मिळाला की कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. पत्र्यावर ओल असेल किंवा हवा फार दमट असेल तर हा वायू लेपात बुडबुडे करतो व लेप स्पंजाप्रमाणे सच्छिद्र होतो. म्हणून पावसाळ्यात हे काम करू नये.

घाटमाथ्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम असतो. ज्यांची वाहने ऊसवाहतुकीत गुंतलेली असतात, त्यांनी गळीत संपल्यावर व पावसापूर्वी हे काम उरकावे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत काम सावलीत व सकाळीच करावे. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर लेपाचा वरचा थर आधी सुकतो व आतील थिनर फोड करून बाहेर पडतो. कोकणात मे महिन्यात हवा दमट असते, म्हणून तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडावेत.

थंडीत सकाळी पत्र्यावर दव असते. ते डोळ्यांना दिसेनासे झाले म्हणजे पत्रा कोरडा झाला असे समजू नये. ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पट्टा ओढावा. तो पाव तासात सुकला तर काम सुरू करण्यास हरकत नाही. न सुकल्यास ऊन वर येईपर्यंत थांबावे. संध्याकाळी गारवा पडण्यापूर्वी शेवटचा हात देऊन झाला पाहिजे.

जागा चोहोबाजूंनी मोकळी पण छप्पर असलेली असावी. गोठा, धान्याची कोठी, राहते घर किंवा चूल ह्यांच्याजवळ हे काम करू नये. खळ्यावर मळणी किंवा वाऱ्यावर उफणणी चालू असेल त्या दिवशीही करू नये, कारण उडालेला भुसा ओल्या लेपात बसतो.

किती लेप लागेल

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर लेप पसरला तर ओल्या थराची जाडी एक मिलिमीटर होते. पाव लिटर पसरला तर पाव मिलिमीटर. ह्यावरून कोणासही आपल्या गाडीचा हिशेब काढता येईल.

उदाहरणार्थ, दाराखालची पट्टी २ मीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद धरली तर दोन्ही बाजू मिळून ०.८ चौरस मीटर होतात. पुढचा व मागचा बंपर प्रत्येकी १.६ मीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद धरला तर दोन्हींचे मिळून ०.८ चौरस मीटर. एकूण १.६ चौरस मीटर. दर चौरस मीटरला पाव लिटर ह्या मानाने एका हातास ०.४ लिटर व दोन हातांस ०.८ लिटर लेप लागेल. सांडलवंड धरून एक लिटर पुरे. लेपातील निम्मा भाग थिनर उडून जातो असे धरले तरी सुकल्यावर दोन हातांची जाडी पाव मिलिमीटर भरते. साध्या ऑइल पेंटचा एक हात सुकल्यावर सुमारे ०.०३ मिलिमीटर असतो. म्हणजे ह्या लेपाचे दोन हात साध्या रंगाच्या आठ हातांच्या बरोबरीचे झाले.

लेपाव्यतिरिक्त तारेचा ब्रश, ८० व १८० नंबरचा पॉलिश कागद, थिनर, न वापरलेली सुती फडकी, इपॉक्सी प्रायमर, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, स्पंजाचा रोलर, लहान ब्रश व मापाचे भांडे एवढे साहित्य आधीच जमवून ठेवावे.

पत्रा तयार करणे

सबंध कामाचा दिवस दहा तासांचा धरला तर त्यांतील आठ तास ह्या भागास द्यावे लागतात. जे कंटाळून हा वेळ वाचवितात, त्यांचा लेप पहिल्याच पावसाळ्यात कडेने सुटू लागतो.

प्रथम पट्टी व बंपर भरपूर पाण्याने धुवावेत. चाकांच्या मागील व पट्टीच्या तळाचा चिखल काठीने उकरून काढावा. तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत व आत पाणी सोडून ते खालून निघते की नाही हे पाहावे. खताचे क्षार गंजाच्या खळग्यांत दडून बसतात. एकदा धुऊन ते जात नाहीत. म्हणून साबणाच्या पाण्याने एकदा व स्वच्छ पाण्याने निदान दोनदा धुवावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटचे धुणे गोड्या पाण्याने करावे.

नंतर पत्रा पूर्ण सुकवून सैल रंग व गंज तारेच्या ब्रशने काढावा. खळग्यांतील गंज ८० नंबरच्या कागदाने घासावा. पत्रा उजळ दिसेपर्यंत घासणे थांबवू नये. जेथे जुना रंग घट्ट आहे, तेथे तो खरवडण्याचे कारण नाही. १८० नंबरच्या कागदाने त्याची चकाकी घालविली की पुरे, कारण चकचकीत पृष्ठभागावर लेपास पकड मिळत नाही. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा पातळ थर असतो व तोच पत्र्याचे पहिले रक्षण करतो. यंत्राच्या चकतीने भराभर घासून तो उडवून देऊ नये. चकती वापरावयाचीच तर डोळ्यांवर चष्मा असावा.

गंज काढण्यासाठी आम्लाचे औषध वापरल्यास ते डब्यावरील सूचनेप्रमाणे पूर्णपणे निपटून काढावे. राहून गेलेले आम्ल वरील प्रायमरची पकड बिघडविते.

ह्यानंतर तेलकटपणा काढावा. एका फडक्यावर थिनर घेऊन पुसावे व ते उडून जाण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. एकच फडके पुन्हा पुन्हा फिरविल्यास तेल निघत नाही, केवळ पसरते. शेवटी पाण्याची परीक्षा करावी. स्वच्छ पाणी पत्र्यावर ओतावे. ते अखंड पडद्याप्रमाणे पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. अळवाच्या पानावरील थेंबांप्रमाणे गोळा झाले तर तेल अद्याप शिल्लक आहे. परीक्षेनंतर पत्रा पुन्हा पूर्ण सुकू द्यावा.

उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा. गावात सहज मिळणारा साधा रेड ऑक्साइड येथे वापरू नये. दोन डब्यांच्या लेपातील जोरकस थिनरने तो मऊ होऊन सुरकुततो. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर प्लॅस्टिकसाठी मिळणारा वेगळा प्रायमर लागतो.

जेथे लेप नको तेथे चिकटपट्टी व कागद लावावेत. पाण्याची छिद्रे, दाराचे रबर, ब्रेकच्या नळ्या, धुराड्याचा पाइप, ओढण्याच्या हुकाचे आटे, दिवे, नंबरपाटी, परावर्तक पट्ट्या व चासीचा क्रमांक ह्यांवर लेप जाता कामा नये. छिद्रांत कागदाची घट्ट गुंडाळी बसवून ठेवावी व काम संपताच ती आठवणीने काढावी. परावर्तक पट्टी काढली असल्यास लेप पक्का झाल्यावर नवी लावावी. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या वाहनाची जाग मागून येणाऱ्यास तिच्यामुळेच लागते.

श्वासाची काळजी

हा भाग कोणीही वगळू नये. लेपातील व हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांस अपाय करतात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे ज्या वायूने हजारो लोकांचे प्राण घेतले, तो मिथाइल आयसोसायनेट ह्याच कुळातला. लेपांत वापरले जाणारे आयसोसायनेट त्यापेक्षा पुष्कळच कमी उडणारे असतात, त्यामुळे तशा संकटाची भीती येथे नाही. परंतु गनने फवारताना त्यांचे सूक्ष्म तुषार श्वासातून आत जातात व त्यामुळे दमा जडू शकतो. एकदा शरीर ह्या पदार्थास असहिष्णु झाले की पुढे अगदी थोड्या अंशानेही धाप लागते. त्याला वासही असा नसतो की धोका वेळीच कळावा.

तोंडावर उपरणे किंवा धुळीचा साधा मास्क बांधल्याने हे तुषार व वाफा अडत नाहीत. म्हणून घरी काम करणाराने गनच्या नादी लागू नये; रोलर व ब्रश वापरावा. रोलरने काम करतानाही रसायनांच्या वाफा अडविणारा डबीचा मास्क, हातमोजे व चष्मा वापरावा आणि मोकळ्या हवेत वाऱ्याकडे पाठ करून बसावे. गननेच लेप हवा असेल तर जेथे बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरविणारा मुखवटा वापरतात, अशा ठिकाणीच तो करून घ्यावा. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम मुळीच करू नये. मुले व जनावरे दूर ठेवावीत.

थिनर झटकन पेट घेतो. जवळपास विडी, काडी किंवा वेल्डिंग नसावे. डोळ्यांत लेप गेल्यास पाव तास स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. कातडीवर लागल्यास कोरड्या फडक्याने टिपून साबण-पाण्याने धुवावे. थिनरने चोळू नये.

लेप देणे

डबा उघडल्यावर तळाशी बसलेला साका काठीने पूर्ण ढवळून घ्यावा. दोन डब्यांच्या प्रकारात प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. काही प्रकारांत ते तीनास एक असते. तसे असल्यास एक लिटर लेपासाठी पाऊण लिटर मूळ लेप व पाव लिटर हार्डनर घ्यावा. पिकावरील औषधाची मात्रा जशी मापाने घेतात, तशीच हीही घ्यावी. हार्डनर कमी पडला तर लेप चिकट राहतो. अधिक झाल्यास ठिसूळ होतो. मिसळलेला लेप ठराविक वेळेतच वापरावा लागतो व कडक उन्हाळ्यात ती वेळ निम्म्यावरही येते. म्हणून एका वेळी थोडाच मिसळावा.

प्रथम कोपरे, सांधे व खिळ्यांच्या भोवती ब्रशने लेप भरावा. मग रोलरने पहिला हात पातळ द्यावा. ह्या हातातून खालचा रंग थोडा दिसला तरी चालेल. त्याचे काम पकड घेण्याचे आहे. डब्यावर दिलेल्या वेळेनंतर दुसरा हात जाड व आडव्या दिशेने द्यावा. एकाच हातात सगळी जाडी आणण्याचा प्रयत्न करू नये. तसा थर ओघळतो व आतून कच्चा राहतो. रोलर एकाच जागी वारंवार फिरविल्यास खरखरीतपणा विस्कटतो.

दुसरा हात ओला असतानाच चिकटपट्टी सावकाश, मागे दुमडून ओढावी. लेप सुकल्यानंतर ओढल्यास कड फाटते व नेमक्या त्याच फाटक्या कडेतून पाणी आत शिरते. त्यानंतर छिद्रांतील गुंडाळ्या काढाव्यात.

गाडी निदान एक दिवस हलवू नये. लेपास पूर्ण बळ येण्यास साधारणतः आठवडा लागतो. तोवर खताची पोती, शेणखत, डिझेल व धुण्याचे पाणी त्यापासून दूर ठेवावे. नंतर पट्टीच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक तेल नळीने फवारून घेतल्यास आतूनही संरक्षण मिळते. ते थेंब थेंब करून छिद्रांतून गळले, तर छिद्रे मोकळी असल्याची तीच खूण समजावी.

उरलेला मिसळलेला लेप डब्यात बंद करू नये, तो तापतो. तो उघड्यावर घट्ट होऊ द्यावा. ओल गेलेला हार्डनरचा डबाही झाकण लावून ठेवू नये, कारण आत वायू साठून तो फुटू शकतो. रिकाम्या डब्यांत पाणी, दूध, बियाणे किंवा पेंड कधीही ठेवू नये, आणि उरलेले थिनर विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये.

ट्रॉलीच्या हौद्याविषयी

हीच रीत ट्रॉलीच्या हौद्यास व फाळक्यास लागू पडते. मात्र तेथे पत्रा दगड-मुरुमाने वाकतो, म्हणून दोनऐवजी तीन हात द्यावेत व वेल्डिंगच्या सांध्यांकडे विशेष लक्ष पुरवावे. खरखरीत पृष्ठभागामुळे पोती घसरत नाहीत, हा आणखी एक लाभ. पुढे कधी वेल्डिंग करावयाचे झाल्यास त्या जागेभोवतीचा लेप आधी खरवडून काढावा. जळणाऱ्या लेपाचा धूर विषारी असतो.

गावात प्रात्यक्षिक कसे करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या विषयावर व्याख्यान देण्याऐवजी पुढील प्रात्यक्षिक दाखवावे. एकाच गंजक्या पत्र्याचे वीतभर लांबीचे तीन तुकडे घ्यावेत. पहिला नुसता झटकावा. दुसरा तारेच्या ब्रशने वरवर घासावा. तिसरा धुऊन, उजळ होईपर्यंत घासून, थिनरने पुसून व प्रायमर देऊन तयार करावा. तिन्हींना एकाच डब्यातील लेप, एकाच दिवशी, सारखाच द्यावा. आठ दिवसांनी प्रत्येकावर धारदार चाकूने फुली काढावी व ते मिठाच्या पाण्यात उभे करून ठेवावेत.

आणखी काही दिवसांनी ते तुकडे बाहेर काढून सुकवावेत, फुलीवर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी व शेतकऱ्यांच्या हाती ते द्यावेत. कोणत्या तुकड्याचा लेप सुटला व कोणत्याचा टिकला हे त्यांनी स्वतः नखाने उचकटून पाहावे. तिन्ही तुकड्यांची किंमत सारखी आहे व लेपही सारखा आहे, ह्याकडे त्यांचे लक्ष वेधावे. फरक पडला तो मेहनतीने.

निगा

लेप दिला म्हणजे काळजी संपली असे नाही. वर्षातून दोनदा पाहणी करावी. एक मृगापूर्वी व दुसरी पावसाळा सरल्यावर. खंडेनवमीस व दसऱ्यास गाडी धुऊन तिची पूजा करण्याची आपल्याकडे पद्धत आहेच. त्या दिवशी हार घालण्यापूर्वी गाडीखाली वाकून पट्टीचा तळ पाहावा, छिद्रांत तार घालावी व पोटाचा चिखल काढावा. कोठे टवका उडालेला दिसल्यास त्याची सैल कड चाकूने कापून, खालचा गंज घासून, प्रायमर व लेपाचे ठिगळ त्याच आठवड्यात द्यावे. उशीर झाल्यास गंज त्या कडेखालून आडवा पसरतो व मग ठिगळाने भागत नाही.

ऊन व पाऊस ह्यांनी काळा लेप काही वर्षांत फिका पडतो. काही प्रकार लवकर पडतात, काही उशिरा. फिका पडला म्हणून तो निकामी झाला असे नव्हे. जोवर तो पत्र्याला घट्ट आहे तोवर तो आपले काम करीत असतो. घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी दुकानदाराकडे जाण्याची गरज नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर ठोकत जावे. सगळीकडे एकच भरीव आवाज आला तर गाडी निर्धोक आहे. मध्येच आवाज पोकळ आला, तर त्या जागी लेप उचलून खाली काय चालले आहे ते त्याच दिवशी पाहावे.